मास्तर, मुकुंदराव आणि मुंबईचं मशीन

दुकानात न मागवता साठणारा माल एकच, किस्से! धूळही साठते म्हणा, पण ती सकाळी झाडून टाकता येते. माझं दुकान सोलापूरच्या साखर पेठेत, मागाला लागणाऱ्या सामानाचं. धोटे, दोऱ्या, स्प्रिंगा, जॅकार्डचा पुठ्ठा. गिऱ्हाईक दहा मिनिटांच्या कामाला येतं आणि तासभर बसतं. बाकडं माझं, चहा माझा, मग किस्साही माझाच की!

मी मूळचा मंगळवेढ्याचा, शिक्षण सातवी. तरी कॉम्प्युटर म्हणजे काय हे अख्ख्या पेठेत सगळ्यात आधी मला कळलं, असं मी अजून सांगतो. कॉम्प्युटर अख्ख्या खोलीएवढा असायचा, तेव्हाची ही गोष्ट. कसं कळलं ते ऐका.

*

आमच्या बाकड्यावरचे कायमचे गडी दोन. एक हुसेनभाई, मल्लेशमशेठच्या चादरीच्या कारखान्यातले जॉबर. माग बिघडला की यांनी धावायचं. दुसरे नरसय्या मास्तर. ते त्याच कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडायचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही बंद.

कार्डं पाडणं म्हणजे काय? नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. मग तिची एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याच्या लांब पट्टीला भोकं पाडायची. एका ओळीला एक कार्ड. भोक असलं तर मागावरचा धागा वर उचलला जातो, नसलं तर खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यात ओवून माळ केली, की चादरीवर हत्ती म्हणा, कमळ म्हणा, पाहिजे ते उतरतं. हे काम मास्तर तीस वर्षं करत होते.

एके दिवशी बाकड्यावर तिसरा येऊन बसला. मुकुंदराव. इथल्याच एका शिक्षकांचा मुलगा, इंजिनिअर, मुंबईच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, सुटीत गावी आलेला. पोरगा सालस, पण बोलायला लागला की थांबेना.

"अण्णा, लोकांना वाटतं कॉम्प्युटर फार हुशार असतो. तसं काही नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात. आहे किंवा नाही. म्हणजे त्याच्याही कार्डावर भोक आहे, किंवा नाही."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "आनि?"

"आणि काही नाही, मास्तर. बाकीचं सगळं त्यातूनच उभं करायचं."

मास्तर माझ्याकडं वळले. "अण्णा, तीस वर्सं मी कॉम्प्युटर हाय, आनि घरात कुनाला ठावं न्हाय!"

*

मुकुंदराव नुसता गप्पा मारायला आला नव्हता. त्याच्या डोक्यात एक योजना होती, आणि ती त्यानं मल्लेशमशेठच्या गळी उतरवली.

नवी नक्षी कार्डावर उतरवायला मास्तरांना दीड-दोन महिने लागत. दोन्ही बाजूंनी वापरायची चादर, तिचा वरचा आणि खालचा धागा मनात जुळवायचा, म्हणजे डोक्याचा भुगा! मुकुंदराव म्हणाला, नक्षीचे चौकोन मुंबईच्या कॉम्प्युटरला द्यायचे. जुळवाजुळव तो करील आणि छापलेला कागद देईल. फुली म्हणजे भोक, टिंब म्हणजे भोक नाही. कागद बघायचा आणि भोकं पाडायची, विचार करायचं कामच नाही!

शेठ माझ्या दुकानातच मास्तरांना म्हणाले, "मास्तर, दिवाळीच्या आत एक चादर मशीनच्या कागदावरनं काढू. बरोबर निघाली, की तुमी इस्रांती घ्या."

विश्रांती हा शब्द इतका गोड असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांच्या घरी खाणारी तोंडं सहा, मिळवणारे ते एकटे.

आणि पुढची गंमत बघा. मशीन कागद देणार, पण भोकं पाडणार कोण? कारखान्यात ते येणारा माणूस एकच, नरसय्या मास्तर! म्हणजे ज्याचा निरोप समारंभ, त्यानंच मांडव घालायचा.

मास्तर म्हणाले, "व्हय शेठ." आणि चहा न संपवता उठले.

*

शेठची हौस एवढ्यावर भागेना. "मुकुंदराव, ते मशीनच सोलापुरात आनलं तर?"

मुकुंदरावानं यादीच वाचली. मशीनला थंड खोली लागते. धूळ चालत नाही. दमट हवा सोसत नाही. वीज मध्येच गेलेली आवडत नाही. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागतं, आणि ते काही मागायच्या आत ओळखणारी दोन माणसं दिवसभर उभी लागतात.

बाहेर मे महिन्याचं ऊन. हुसेनभाई घाम पुसत सगळं ऐकत होते. म्हणाले, "शेठ, नक्को. ये मशीन नई, जमाई है!"

*

आता माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल अण्णा दुसऱ्यांचीच उडवतो.

कॉम्प्युटर कार्डांवर चालतो हे ऐकलं आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. कार्ड म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे मी! सगळे म्हणत होते की उद्या गावोगाव कॉम्प्युटर येणार. मी कुणाला न विचारता जॅकार्डच्या पुठ्ठ्याचे गठ्ठे मागवले. माळा भरला. घरात फिरायला जागा राहिली नाही, आमच्या मंडळींनी पापड गठ्ठ्यांवर वाळत घातले.

महिन्यानं मुकुंदराव मुंबईहून आला. मी त्याला माळ्यावर नेलं आणि ऐटीत म्हणालो, "सांगा तुमच्या कंपनीला, सोलापुरात माल तयार आहे!"

त्यानं माझा हातभर पुठ्ठा बघितला, खिशातून एक कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पातळ, गुळगुळीत, लग्नपत्रिकेएवढं!

मी म्हटलं, "एवढंसं?"

तो म्हणाला, "अण्णा, आणि ते म्हणतात पुढं याहून लहान होणार."

त्यानंतर कुणी नव्या लाटेबद्दल सांगायला लागलं, की मी आधी विचारतो, "माप काय?"

*

लाटेवरून आठवलं. त्याच सुमारास टेरिलीनचा एक एजंट पेठेत हिंडत होता. सुटाबुटातला, केसाला तेल. माझ्या बाकड्यावर बसून त्यानं सुती चादरीची उत्तरक्रियाच केली. "दोन वर्षं, अण्णा! दोन वर्षांत सुती चादर म्युझियममध्ये. आता जमाना सिंथेटिकचा."

हुसेनभाई काळजीत पडले. मास्तर तर आधीच काळजीत होते.

जाता जाता एजंट माझ्याजवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, चार चादरी जरा चांगल्या बघून द्या. घरी न्यायच्यात. पोरांना दुसरं काही टोचतं."

भविष्य सांगणारा काय बोलतो ते ऐकावं, पण तो काय पांघरून झोपतो तेही बघून ठेवावं!

*

मुकुंदरावाची खरी परीक्षा स्टेशनवर झाली. नक्षीचे चौकोन त्यानं मुंबईच्या छोट्या कार्डांवर उतरवले होते. एक पेटी भरून कार्डं. दुरुस्तीसाठी ती घेऊन तो सोलापूरला आला, टांग्यात चढताना पेटी निसटली आणि सगळी कार्डं रस्त्यावर! घोडा दोन पावलं मागं सरला, तोही कार्डांवरनंच.

दोन दिवस तो माझ्या दुकानात मांडी घालून कार्डं लावत बसला होता. एकही मागं-पुढं झालं तर मशीन भलतंच काहीतरी काढणार. मास्तर येऊन बघायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"सायेब, ह्ये दोऱ्यात का ओवत न्हाय?"

"मास्तर, मशीन एकेक कार्ड ओढून घेतं. दोरा चालत नाही."

"मग आमची माळ शेवटाला गेली की पुन्ना पैल्यावर येती, दोनी टोकं बांधलेली असत्यात. तुमचं मशीन पुन्ना पैल्यावर कसं जातं?"

"ते त्याला सांगावं लागतं. तेच तर अवघड आहे. एक आठवडा गेला माझा त्यात."

मास्तरांनी आपल्या खिशातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि मुकुंदरावाच्या पुढ्यात ठेवलं. "ऱ्हाऊ द्या तुमाला. मुंबईत मिळत नसंल."

पण उठले नाहीत. कार्डं वाचायला त्यांना येईना, तरी संध्याकाळपर्यंत घोड्याच्या नालाची माती ते धोतराच्या सोग्यानं एकेका कार्डावरची पुसत बसले.

*

शेवटी मुंबईचा कागद आला. घडीवर घडी घातलेला, उलगडला तर दुकानाच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल एवढा. नक्षी होती समोरासमोर उभ्या दोन मोरांची. शेठनी मास्तरांना सगळ्यांसमोर बजावलं, "कागदात हाय तसंच मारायचं. आपलं डोकं चालवायचं न्हाय. मशीनची परीक्षा हाय, तुमची न्हवं."

"व्हय शेठ," मास्तर म्हणाले.

बारा दिवस मास्तर फुल्या बघून भोकं पाडत होते. बाकड्यावर आले तरी बोलत नसत. हुसेनभाईंनी माळ मागावर चढवली. चादर मागावरून उतरली तो दिवस शनिवारचा.

त्याच सकाळी मुकुंदराव धावत माझ्या दुकानात आला. चेहरा पांढराफटक.

"अण्णा, घोटाळा झाला. आत्ता कागद पुन्हा तपासताना लक्षात आलं. नक्षी काढणाऱ्याच्या कुंचल्यातून कागदावर शाईचे बारीक ठिपके पडतात. ते मशीननं भोकं समजू नयेत म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं, की एकटाच पडलेला रंगीत चौकोन दिसला तर तो डाग समज आणि पुसून टाक."

"मग चांगलंच की!"

"अण्णा, मोराचा डोळा एकाच चौकोनाचा आहे!"

मी कपाळाला हात लावला. मशीननं सांगितल्याप्रमाणे दोन्ही मोरांचे डोळे पुसून टाकले होते. कागदात डोळेच नव्हते.

आम्ही बोलतोय तोवर मल्लेशमशेठ चादर खांद्यावर टाकून आले. मागं हुसेनभाई, त्यांच्या मागं मास्तर. शेठचा चेहरा नुसता फुललेला. चादर त्यांनी माझ्या गल्ल्यावर पसरली.

"बगा अण्णा! रेघ न् रेघ जाग्यावर. मानलं मशीनला! मास्तर, आता खरंच इस्रांती घ्या बगा."

मास्तर चपला बघत उभे होते.

मुकुंदराव चादरीवर वाकला. दोन्ही मोर त्याच्याकडं टक लावून बघत होते. डाव्याला डोळा होता. उजव्यालाही होता.

त्यानं पिशवीतून कागदाची आपली प्रत काढली, ती ओळ शोधली, बोट ठेवलं. डोळ्याच्या जागी टिंब. दोन्हीकडं टिंबच. मग मान वर केली.

"शेठ, हे मशीननं केलेलं नाही. माझी चूक होती. माझ्या कागदाप्रमाणे मोर आंधळे निघाले असते. ही दोन भोकं मास्तरांनी आपल्या मनानं पाडलीत."

हुसेनभाईंनी हळूच "या अल्ला" म्हटलं.

शेठ खाली बसले. चादरीची कड बोटांत चुरली. मग मुकुंदरावाला म्हणाले, "कागद मुंबईवरनं येऊ द्या. पर हितनं पुढं प्रत्येक कागद आदी मास्तरांच्या हातात. त्यांनी मान हालवली तर पुढं."

मुकुंदराव म्हणाला, "मी तेच सांगणार होतो."

शेठ उठले, चादर उचलली, पायरीपर्यंत गेले आणि पुन्हा वळले. त्यांना राहवेना.

"पर मास्तर, एक सांगा. कागदात हाय तसंच मारा म्हनून मीच बोललो हुतो. तसं मारलं असतं, तर मशीन नापास, तुमची जागा पक्की. तुमाला कुनी बोट लावलं नसतं. ठावं हुतं की न्हाय तुमाला?"

"ठावं व्हतं की."

"मग?"

मास्तरांनी चादरीवरच्या मोराकडं बघितलं, मग शेठकडं.

"शेठ, मोरानं माझं काय घोडं मारलं व्हतं?"