ज्वारीचं धाट

"पोरांचा हात धरायचा नाही. हे घे."

हेडमास्तरांनी पहिल्या दिवशी माझ्यापुढं ज्वारीचं धाट टाकलं. पाला सोललेलं, पुरुषभर लांब. माझ्या मास्तरकीची सुरुवात ही अशी.

कळंबजवळच्या त्या गावात मराठी शिकवायला मला निजाम सरकारनं नेमलं होतं. हुकूम उर्दूत होता. त्यात माझी जात लिहिलेली नव्हती. गावाला उर्दू येत नव्हतं, पण न लिहिलेली जात बरोबर वाचता येत होती.

पहिलीच्या पोराला अक्षर कसं शिकवतात? फळीवर बारीक माती पसरायची, त्याच्या पाठीशी बसायचं, त्याचं बोट आपल्या हातात घ्यायचं आणि मातीत फिरवायचं. अक्षराचं वळण डोळ्याला उशिरा कळतं, हाताला आधी.

"तू लांबून धाटानं दाखव. बघून बघून काढतील," हेडमास्तर म्हणाले. हेच हेडमास्तर सभेत समतेवर बोलत. टाळ्या घेत. घरी गेल्यावर माझ्या सावलीपायी अंघोळ करत.

महारवाड्यातली पोरं शाळेच्या दाराबाहेर बसत. त्यांचे हात मी धरायचो. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. दिवाळीपर्यंत ती पोरं आपापलं नाव काढू लागली. आतल्यांच्या फळीवर मात्र कोंबड्यांनी उकरल्यासारखं दिसायचं.

मग एक दिवस देशमुख आले. घोडी दारात बांधली आणि मुलाची फळी बघितली.

"का रं मास्तर? भायेरची पोरं नाव लिवत्यात, अन् आमचं रेघोट्या वढतंय?"

"त्यांचा हात धरतो, मालक. याचा धरता येत नाही."

देशमुखांनी हेडमास्तरांना हाक मारली. तोड त्यांना सुचली. त्यांनी घरून धाबळी आणवली. सोवळ्यात नेसायचं ते लोकरीचं वस्त्र. लोकरीला विटाळ लागत नाही, हे त्यांना पाठ होतं.

"ही हाताला गुंडाळ आणि मग धर," म्हणाले. लांबूनच फेकली. माझ्या पायाशी पडली.

"हां! डोस्कं हाय बरं का बामनाला," देशमुख हसले.

मी त्या धाबळीकडं बघत राहिलो. चिखलात बसणारी, लेंड्यांत लोळणारी मेंढी. तिचे केस पवित्र. मी नाही. यांची सगळी विद्या एवढीच.

माझा मामा बार्शीहून, इंग्रजी हद्दीतून, गाडीतल्या कडब्याखाली बंदी असलेली चळवळीची पत्रकं लपवून आणायचा. पकडला असता तर पोलिसांनी सोलून काढला असता. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो. मामा माझं बोट धरून एकेका ओळीवरून फिरवायचा. मेलेली ढोरं ओढून ओढून खरखरीत झालेला त्याचा हात. त्यानं मला आख्खी भाषा दिली. आणि हे दोघं मला सांगत होते की हा हात झाकून घे.

धाबळी मी उचलली नाही.

"मालक, उघड्या हातानं शिकवीन. नाहीतर तुमच्या पोराला रेघोट्या ओढू द्या."

"नोकरी जाईल," हेडमास्तर म्हणाले.

"जाऊ द्या."

"लई माजला की रं!" देशमुख ओरडले. "शिकवून सोडलं तर डोस्क्यावर बसाय लागली!"

पोरगं शेंबूड वर ओढत, मनगटाला पुसत आमच्याकडं बघत होतं. त्या मनगटाला माझा विटाळ होणार होता म्हणे.

मी धाट गुडघ्यावर मोडलं. तुकडे दारातल्या घोडीपुढं टाकले. तिनं कडाकडा खाल्ले. माझ्या हातचे होते. तिला काही झालं नाही. मग मी बाहेरच्या पोरांजवळ जाऊन बसलो आणि त्यांचा राहिलेला धडा पुरा केला.

नोकरी गेली. आता महारवाड्यातल्या लिंबाखाली शिकवतो. फळी मोडक्या दाराची आहे, माती नदीची.

परवा देशमुखांचा गडी विचारून गेला, "मालक म्हनत्यात, चोरून येऊन शिकवाल का पोराला? मागच्या दारानं?"

नाही. देशमुखांनी दिवसाढवळ्या इथं यावं. पोराला माझ्यापुढं बसवावं. स्वतः त्याचा हात धरून माझ्या उघड्या हातात द्यावा. सगळ्या गावासमोर.

तोवर ते पोरगं अडाणी राहील. त्याची मला दया येते. अट बदलणार नाही.