बायकांच्या खिडकीवरची पंचफुला

पंचफुला मूळची पारशिवनीकडची. नवरा वारल्यावर पोरीला घेऊन नागपुरात आली आणि इतवारीतल्या एका टॉकीजमध्ये कामाला लागली. बायकांच्या तिकीट खिडकीसमोरची रांग सांभाळायची, एवढंच तिचं काम. बाई उंच, हाडापेराने मजबूत. रांगेत घुसलेल्या पुरुषाला मनगट धरून बाहेर काढताना ती तोंडातून शब्दही काढत नसे.

खिडकीच्या आत रुपराव बसत. बारीक अंगाचे, चष्मा लावणारे, सगळ्यांशी हळू बोलणारे. पंचफुला त्यांना भाऊ म्हणायची. दुपारचा डबा दोघं त्याच खोलीत खात.

त्र्याहत्तर सालचा नाताळ आला. शाळांना सुट्ट्या, थंडी गुलाबी, तिन्ही खेळांना तोबा गर्दी. या दिवसांत ब्लॅकवाल्यांचं फावत असे. त्यांचा म्होरक्या लहानू. खिडकी उघडायच्या आधीच त्याला तिकिटांचा गठ्ठा हवा असायचा आणि नाही म्हटलं की मारहाण ठरलेली. आदल्या नाताळात त्याने कवडू गेटकीपरचे दोन दात पाडले होते. म्हणून रुपराव आधीच मालकांकडे, भैयाजींकडे गेले.

“खिडकीले जाळी बसवून द्या भैयाजी. हात आत येते लोकायचा. सुट्टीपुरता एखादा पोलीसही मागा.”

“सुट्ट्या जाऊ द्या, मग पाहू,” भैयाजी म्हणाले. “आता लोहार लावला तर धंदा बसते.”

नाताळच्याच दिवशी, तीनच्या खेळाआधी, लहानू बायकांची रांग तोडून खिडकीशी आला. रुपरावांनी मान हलवून नाही म्हटलं. लहानूने खिडकीत हात घातला, त्यांचं मनगट पकडलं आणि खांद्यापर्यंत हात बाहेर ओढला. मग खिडकीच्या दगडी कडेवर त्यांचं कोपर टेकवून सगळ्या अंगाचा भार टाकला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. आतून रुपरावांची किंकाळी आली. लहानूने हात सोडला नाही, पुन्हा दाबला.

पंचफुलाने बसायचं लोखंडी स्टूल उचललं आणि लहानूच्या तोंडावर हाणलं. तो भिंतीवर आदळला. तिने दुसऱ्यांदा हाणलं तेव्हा त्याचा जबडा एका बाजूला लोंबला. तो खाली बसला, तरी तिने तिसऱ्यांदा स्टूल उचललंच होतं. तेवढ्यात त्याच्या माणसांनी समोरच्या पानठेल्यावरून सोड्याच्या बाटल्या उचलून फेकायला सुरुवात केली. रांगेत बायका, कडेवर लेकरं. पंचफुलाने स्टूल टाकलं आणि त्यांना ढकलत आतल्या बोळात घातलं. शेवटची म्हातारी आत गेली तेव्हा खांबावर एक बाटली फुटली आणि काच पंचफुलाच्या डाव्या डोळ्यात घुसली. तिने दार ओढून घेतलं, कडी लावली आणि पाठ टेकून उभी राहिली. बाहेरून लाथा बसत होत्या. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तिथून हलली नाही. तिचं लुगडं पोटापर्यंत लाल झालं होतं.

डोळा गेला. रुपरावांचा हात प्लास्टरमध्ये गेला. लहानूला पोलिसांनी टॉकीजच्या पायरीवरूनच उचललं.

दोन दिवसांनी कवडू दवाखान्यात भेटायला आला. भैयाजी नवा कारकून बसवून खिडकी उघडणार आहेत, असं त्याने सांगितलं.

“जाळी लागली?”

“नाही वं बाई... कुठची जाळी.”

ती पट्टी बांधलेल्या डोक्याने तशीच उठली, रिक्षाने टॉकीजवर आली आणि खिडकीच्या खोलीच्या दारात बसली. कवडू आणि बाकीचे गेटकीपर तिच्यामागे उभे राहिले.

भैयाजी आले. “बाई, तू घरी जा. तुले आराम पाहिजे.”

“जाळी लागल्याबिगर इथं कोणी बसणार नाही.”

“लोकं बाहेर उभे हायेत. काहून तमाशा करून राहिली?”

“भाऊचा हात मोडला तवा तुमी वरच्या खोलीत होते,” ती म्हणाली. “मी आवाज ऐकला हाड मोडल्याचा. तुमी नाही ऐकला.”

बाहेर लोकांचा धीर सुटला. आधी शिव्या आल्या, मग दगड. पोस्टरच्या काचा फुटल्या आणि एका दगडाने ऑफिसातल्या कारकुनाचं कानशील फोडलं. तो रक्ताळलेला माणूस भैयाजींच्या पायाशी कोसळला. भैयाजींनी त्याला धरून भिंतीला टेकवलं. मग स्वतः बाहेर जाऊन त्यांनी खेळ रद्द झाल्याचं सांगितलं आणि लोहाराला बोलावणं धाडलं.

नवीन साल लागायच्या आत दोन्ही खिडक्यांना जाळी बसली, फक्त पंजा जाईल एवढी फट ठेवून. सुट्ट्यांच्या दिवसांत दारात पोलीस येऊ लागला.

रुपराव मात्र त्या खुर्चीवर पुन्हा बसले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर एकदा आले, जाळीला हात लावून पाहिला आणि लगेच बाहेर पडले. नंतर हुडकेश्वरला भावाच्या शेतावर राहायला गेले. पंचफुला सणासुदीला त्यांना भेटायला जायची. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. तिसऱ्यांदा उचललेलं स्टूल हाणलं असतं तर लहानू मेला असता, हे तिने पोरीलाच तेवढं सांगितलं. हाणायचंच होतं, असंही सांगितलं.

पुढच्या नाताळात खिडकीत शोभाताई नावाची नवी कारकून बसली. बाहेर, एका डोळ्याने रांग पाहत, पंचफुला उभी होती.