सुरुंग मोजायची पाळी

कोकणात रेल्वे यायची होती, आणि दासगावच्या पुढे आमच्या डोंगराला सुरुंग लावून रुळांसाठी वाट काढत होते. कामाच्या समोर, रस्त्यापलीकडे, आईने चहाची टपरी टाकली. मग सायकलवाला आला, केस कापणारा आला, एकजण तर रात्रीच्या भाड्याने खाटा द्यायला लागला. स्टेशन इथेच होणार म्हणून सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. मीही. नुकतीच बी.ए. झाले होते आणि स्टेशनासमोर एसटीडी बूथ टाकायचा माझा बेत होता.

दुपारी मुकादम लाल बावटा दाखवून शिट्टी मारायचा. कामगार आमच्या टपरीमागे येऊन थांबायचे, वाती पेटवणारे शेवटी धावत यायचे. बार मोजणं खरं तर मुकादमाचं काम, पण इतक्या वर्षांच्या बारांनी त्याचे कान सारखे घुमायचे, लागोपाठचे बार वेगळे कळायचे नाहीत. म्हणून खडकातली किती भोकं दारूने भरणार ते तो सकाळीच आईला सांगून ठेवायचा. प्रत्येक बाराला आई एक बोट दुमडायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, कधी चुकली नाही. आकडा भरला की माणसं खाली जायची. एक जरी कमी पडला तर कुठलं तरी भोक न फुटता राहिलंय असं समजायचं आणि थांबायचं.

त्या दिवशी आई सामान आणायला महाडला निघाली. जाताना म्हणाली, "नऊ हायत आज. ध्यान देऊन मोज गो."

मला हसूच आलं. नऊ मोजायला पदवी लागत नाही म्हटलं.

पाच बार झाले. तेवढ्यात टपरीत बसलेला एक जीपवाला म्हणाला, "स्टेशन इथं नाय व्हायचं. मी ऐकलंय, तिकडं पुढं जातंय." माझं डोकंच फिरलं. मी त्याला चांगला फैलावर घेतला. नकाशा बघितलास का, कुणी सांगितलं तुला, तू काय साहेब लागून गेलास! भांडणातच उरलेले बार झाले. तीन झाले की चार, देव जाणे.

"किती?" मुकादमाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आईला जमतं ते मला जमलं नाही, हे वीस माणसांसमोर सांगायची मला लाज वाटली. "नऊ," मी म्हणाले, अगदी ठणकावून.

विजापूरकडचा एक कामगार पुढे होता. रोज चहात आलं कमी म्हणून कुरकुरायचा. सुटलेला दगड उलथायला त्याने पहार घातली आणि राहिलेला सुरुंग फुटला. तो बार मात्र मी नीट ऐकला.

त्याच जीपमधून त्याला महाडला नेलं, पण त्याच्यात जीव उरला नव्हता. त्याची बायको रस्त्याकडेला खडी फोडत होती. ती हातोडा धरून उभी राहिली. आईने परतल्यावर विचारलं तेव्हाही मी "नऊच ऐकले" म्हणाले. चौकशीला आलेल्यांना मुकादमाने सांगितलं, डोंगरातला प्रतिध्वनीच नववा बार म्हणून मोजला गेला असेल. मला त्यांनी काहीच विचारलं नाही, याचाच मला जास्त धक्का बसला.

तिसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं. आई त्या बाईकडे भात घेऊन गेली होती. आठ भोकं भरली होती. पहिला बार झाला आणि भीतीने माझे कान नुसते सुन्न झाले. मग सगळं शांत झालं.

"किती?" मुकादमाने पुन्हा मलाच विचारलं.

"मला कळलं नाय," मी म्हणाले आणि मान खाली घातली. आता हा शिव्या घालणार, सगळे फिदीफिदी हसणार, असं वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग अर्धा तास थांबू. चहा टाक."

माणसं टॉवेल अंथरून बसली. कुणी हसलंसुद्धा नाही.