खिडकीतून आलेला हात

क्लीटस आमडालइतका भित्रा माणूस आमच्या परगण्यात दुसरा झाला नाही. आणि धावत्या मोटारींच्या तोंडासमोर त्याच्याइतकी वर्षं उभा राहिलेलाही दुसरा कुणी नाही. हे कसं, ते सांगतो.

क्लीटस धंद्यानं न्हावी. बदकांना भ्यायचा, शिडीला भ्यायचा. वादळाआधी आमच्या आयोवाचं आभाळ हिरवट दिसायला लागलं की गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तळघरात जायचा. पण रविवारी दुपारी जत्रेच्या मैदानात मोटारींची शर्यत असली की झेंडे दाखवून गाड्या सोडणारा-थांबवणारा झेंडेवाला तोच! त्या काळी झेंडेवाल्याला मचाण नव्हतं. मातीच्या ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं, गाड्या शर्टाला वारा घालत जायच्या. आधीच्या झेंडेवाल्याच्या डोक्यावरून एक सुटलेलं चाक गेलं, तसा तो झेंडे टाकून सरळ घरी गेला. ते क्लीटसनं उचलले.

मी त्याला म्हटलं, "अरे, बदक दिसलं की पळतोस आणि इथं उभा राहतोस?"

"म्हणूनच मी इथं बरा," तो म्हणाला. "न भिणारा एकाच गाडीकडे बघत बसतो. मला सगळ्यांचीच भीती, म्हणून मी सगळ्या बघतो."

त्यात त्याच्या लेकीनं, लव्हॉननं, लग्न केलं ते वेंडेल प्राउटीशी, म्हणजे शर्यतवाल्याशीच. मग काय, क्लीटसची भीती दुप्पट!

आमच्याकडे गाड्या म्हणजे जुन्या मोटारी. काचा काढलेल्या, दारं साखळीनं आवळलेली. आत शिरायचं ते खिडकीतून. गाडी उलटली की ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढायचा, ही रीत. हात दिसला म्हणजे गडी शाबूत. मग जवळच्यांनी धावत जाऊन गाडी उचलून सरळ करायची. हात दिसला नाही तर डॉक्टर येईपर्यंत गाडीला कुणी बोट लावायचं नाही, न जाणो मान मोडलेली असली तर.

एका रविवारी, सकाळी ट्रॅकवर मारलेलं पाणी उन्हानं केव्हाच पिऊन टाकलं होतं. शर्यत सुटली आणि धुरळ्याची भिंतच उभी राहिली. वेंडेलची लाल गाडी पलीकडच्या वळणावर त्या भिंतीत शिरली आणि बाहेर आली नाही.

क्लीटसनं लाल झेंडा हलवला. धुरळ्यात तो दिसतोय कुणाला? गाड्या तशाच येत होत्या, त्याच वळणाकडे. तेव्हा हा बदकांना भिणारा माणूस झेंडा छातीशी धरून ट्रॅकच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डोळे घट्ट मिटलेले. गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी करकचून ब्रेक लावत घसरल्या. एकीनं झेंडा फाडून नेला. पण थांबल्या सगळ्या.

धुरळा बसला. वेंडेलची गाडी चाकं वर करून पडली होती. टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं, तापलेल्या इंजिनाकडे ओघळत होतं. लव्हॉन कुंपणाच्या तारा धरून उभी होती. सगळं मैदान एका खिडकीकडे बघत होतं.

हात येईना.

"डॉक्टर कुठं मेलाय?" कुणीतरी ओरडलं.

"लोकांतून वाट काढतोय!"

क्लीटस पळत सुटला. मी त्याच्या मागं. खिडकीपाशी तो पालथा पडला आणि सरपटत कमरेपर्यंत आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "वेंडेल! हात का काढत नाहीस रे गाढवा?"

"बांधलाय!" वेंडेल रडकुंडीला आला होता. "गेल्या साली त्या पोराचा दंड बाहेर येऊन चिरडला ना, म्हणून मी वासराच्या दाव्यानं सीटला बांधलाय. दुसऱ्या हातानं गाठ सुटत नाही. पेट्रोल डोळ्यात जातंय, सासरेबुवा!"

"चाकू!" क्लीटस ओरडला आणि माझ्याकडे हात बाहेर काढला.

मी खिसे चाचपतोय, तोच मैदानात एकच गलका झाला. "हात आला! हात आला!"

लोकांना काय ठाऊक तो कुणाचा हात! पलीकडून आठ-दहा धट्टेकट्टे गडी धावत आले, गाडीखाली हात घातले.

"थांबा! आत क्लीटस आहे!" मी बोंबललो. आनंदाच्या त्या आरोळीत माझं ऐकतोय कोण! गाडी उचलली गेली. क्लीटसचे पाय हवेत गेले, बूट सुटून पडले. गाडी धाडकन चाकांवर आली आणि आतून वेंडेलची अशी किंकाळी आली की उचलणारे जागच्या जागी गोठले.

पेट्रोलचे थेंब तेवढे ऐकू येत होते.

खिशातला चाकू काढून मी दावं कापलं. बांधलेल्या हाताचा खांदा निखळून पाठीकडे गेला होता. क्लीटसच्या बरगड्या मोडलेल्या, तोंडातून रक्त. दोघांना बाहेर ओढून कुंपणापर्यंत नेलं, तेवढ्यात मागं भप्प झालं आणि गाडी पेटली.

आमच्या गावात रुग्णवाहिका नव्हती. प्रेतं नेणाऱ्याचीच लांबडी काळी गाडी होती. तिच्यात दोघांना शेजारी शेजारी निजवलं. मी आणि लव्हॉन पायांशी बसलो. वेंडेलचे डोळे मिटायला लागले, तशी क्लीटसनं त्याची कॉलर धरली.

"झोपायचं नाही! बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"शिव्या दे मला."

"सासऱ्याला?"

"दे म्हणतो ना!"

वेंडेलनं दिल्या. भरपूर साठवलेल्या असाव्यात. हळूहळू आवाज बारीक होत गेला. आवाज थांबला की क्लीटस कॉलर हिसकायचा. मग पुन्हा एक शिवी यायची.

वेंडेल जगला, क्लीटसही. पण त्या दिवशी दवाखान्याच्या दारात नर्सनं क्लीटसला सांगितलं, "सोडा आता, आमच्याकडे द्या." तो हो हो म्हणत राहिला, आणि कॉलरवरची बोटं काही उघडेनात. शेवटी लव्हॉननंच ती एकेक करून सोडवली.