पूजेला बसलेले कॉम्प्युटर

दोन हजार पंधराच्या सुमारास मी साठीची होते, म्हणजे तरुणच, आणि तेवढीच मठ्ठ. बोर्डीच्या आमच्या महिला मंडळाने चिकूच्या सुक्या चकत्या विकून तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहाला चार कॉम्प्युटर दिले. कॉलेजातल्या पोरी, पाड्यावर वीज धड नाही, कॉम्प्युटर कुठला? अध्यक्ष मी, म्हणून नियमही माझे. खोलीत चपला नकोत. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, मशीनला रोग होतो. पोरींचे कागद मशीनमध्येच राहतील. वर मी हाताने भरतकाम केलेली कापडी झाकणं. सून म्हणते, तिला मी एवढं कधी जपलं नाही. खरं आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. कोयता, विळा, शिलाई मशीन. मग कॉम्प्युटरने काय पाप केलंय? मी चारही पुजले, झेंडू वाहिला. तेवढ्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी दारात आली. बाप मजुरीवर जाणारा.

"आजी, दहाच मिनिटं द्या. स्कॉलरशिपचा फॉर्म आज बंद होतोय."

"इतके दिवस काय करत होतीस?"

"दाखला परवा हातात आला. काल इथेच स्कॅन केला, तर लाइट गेली."

"मग दसरा झाल्यावर ये. पूजेला बसलेला देव उठवत नाहीत."

"देव कुठाय? झाकणावर तर पोपट आहे."

बायका हसल्या. त्या पोपटासाठी मी डोळे फोडले होते. तिथेच तिचा फॉर्म बुडाला.

तलासरीतल्या सायबरवाल्यानेही मशीन पुजून शटर ओढलेलं. ती बस धरून गुजरातच्या हद्दीत गेली. तिथे दुकान उघडं मिळालं, पण स्कॅन केलेले कागद आमच्या देवाच्या पोटात आणि मूळ दाखला कॉलेजात जमा केलेला, कॉलेजला सुट्टी. दसऱ्याला मी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. म्हटलं, "सोनं घे, सोन्यासारखी राहा."

पान उलटंसुलटं करत ती म्हणाली, "फीला चालेल का हे?"

नाही चाललं. फी भरता आली नाही आणि ती डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात लागली. मंडळाच्या बैठकीत मी म्हणाले, "या पोरींना चिकाटीच नसते." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाबरोबर मी दोन वड्या जास्त खाल्ल्या असतील.

पुढच्या वर्षी ती पगार साठवून परत आली, त्याच वर्गात. खंडेनवमीला मी ताट घेऊन हजर. रेक्टरबाई दबकत म्हणाल्या, "किती दिवस बंद पडलेली स्कॉलरशिपची साइट आज सकाळी सुरू झालीय म्हणतात. परत कधी बसेल नेम नाही."

"उद्यानंतर बघू," मी म्हणाले. अक्कल अजून आली नव्हती.

चार झाकणं ओळीत, पोपट जागच्या जागी. यंदा आरतीचं ताट त्याच मुलीने धरलं. मला वाटलं, सुधारली. हळदकुंकू लावायला वाकले तर झाकणाखालून पिकल्या चिकूचा वास आला. बोटाने दाबलं. पुठ्ठा दबला. झाकणांखाली चिकूची रिकामी खोकी होती, आणि मागच्या स्वयंपाकघरातून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. तिचा फॉर्म कुणी दुसरी भरत होती. ही मुद्दाम माझ्यासमोर उभी होती, मला संशय येऊ नये म्हणून.

मी झाकणाला हात घातला. मागे मंडळाच्या सगळ्या बायका.

"आजी," ती हळूच म्हणाली, "पूजेला बसलेला देव उठवत नाहीत."

मी झाकण सोडलं. उचललं असतं तर तिचं आणखी एक वर्ष गेलं असतं, आणि वर्षभर बोर्डीत माझ्या खोक्यांची गोष्ट झाली असती. यातलं कशाला जास्त भ्यायले, ते विचारू नका. मी गणपतीची आरती धरली, मग देवीची, मग शंकराची. बायकांचे गुडघे बोलू लागले. एकजण म्हणाली, "अगं, आज काय मारुतीपर्यंत जाणार का?" गेले. मारुतीची येत नव्हती, अर्धी मनाने रचली.

शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून एका पोरीने 'झालं' म्हणून मान हलवली. हिने कापराकडे पाहिलं, तो केव्हाच विझलेला. ताट माझ्या हातात देत म्हणाली,

"पुरे आता, आजी. झोपला तुमचा देव."

आभार मानायला ती थांबली नाही.