झुलाल आबांची रिकामी मूठ

झुलाल आबांना रस्त्यात कुणी सहज विचारलं, "कथा चालनात, आबा?" म्हणजे कुठे चाललात, तर ते थांबत आणि खरोखर विचार करू लागत. दुसरा माणूस "हा, जरा तिकडं" म्हणून पुढं सटकला असता. आबांचं तसं नव्हतं. शेतात निघालो होतो खरा, पण वाटेत शेजारच्या चुडामणकडे फवारणीचा पंप मागायचा होता, आणि पंप मिळाला नाही तर शेतात जाऊन करायचं काय, मग आधी घरीच जावं की काय, हे सगळं ते विचारणाऱ्यालाच ऐकवत आणि शेवटी तो जिकडं चालला असेल तिकडं त्याच्यासोबत चालू लागत. पारोळ्याजवळच्या त्या गावात आबांबद्दल वाईट बोलणारं कुणी सापडायचं नाही. पण त्यांच्याकडून एका शब्दात उत्तर मिळालेलंही कुणी सापडायचं नाही.

कपाशी लावावी की मका, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही, म्हणून वावरात दोन्ही असत. लग्नाच्या वेळी दोन मुली दाखवल्या होत्या. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं तर आबा म्हणाले, "दोन्ही चांगल्या शेतस." मग वडिलांनीच कस्तुराबाईंचं नाव घेतलं. कस्तुराबाई अजून टोमणा मारतात, "मला तुमच्या बापानं पसंत केलं. तुमचा तर अजून विचार चालू शे."

असा हा माणूस, आणि श्रावणात मात्र एक काम असं येई की ते आबांनाच करावं लागे.

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, पाटावर बसवायचं. रविवारी पूजा, आरती, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. त्या दोन दिवसांसाठी सुरतेचे, पुण्याचे, नाशिकचे सगळे घरी येतात. दिवाळीला एखादा येणार नाही, पण कानबाईला येतो. गावात मुख्याध्यापकांनी सोमवारची सुट्टी आधीच जाहीर केली होती. रविवारी दुपारपासून निंबाखाली पत्त्यांचे डाव पडले होते, एरवी भांडणारे भाऊबंद एकाच चटईवर बसले होते, पोरी फुगडी घालून घालून घामेजल्या होत्या, आणि चुडामणनं आणलेला स्पीकर मधूनच बंद पडत होता.

आबांचं काम म्हणजे रोटाचे गहू मोजणं. कानबाईचा रोट म्हणजे गुळाच्या कणकेची जाड भाकर. तो फक्त त्या घरच्या माणसांनी खायचा, पाहुण्यारावळ्यांना द्यायचा नाही. घरात जितकी माणसं तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू घरातल्या मोठ्या पुरुषानं आपल्या हातानं घ्यायचे, एकेकाचं नाव मनात घेऊन. सुपातली मूठ टोपलीत पडली की ती देवीची. परत काढायची नाही. कमी पडली तर त्या माणसाला रोट नाही. जास्त पडली तर आणखी वाईट, कारण त्यांच्या घरात असं मानत की जास्तीची मूठ ही नसलेल्या माणसाची असते.

इतकी वर्षं आबांना हे काम सोपं गेलं होतं. घरात कोण आहे आणि कोण नाही, हे ठरवावं लागत नव्हतं. यंदा ठरवावं लागणार होतं, कारण सारिका घरात होती.

सारिका त्यांची मुलगी. धुळ्याला दिलेली. दीड-दोन वर्षांपासून माहेरीच राहत होती, पारोळ्याला एका कापडदुकानात कामाला जात होती. मागच्या कानबाईला कोर्टात घटस्फोटाची केस चालू होती, म्हणजे कागदावर ती धुळ्याचीच होती, तेव्हा प्रश्न आला नाही. तिनं पुरणपोळी खाल्ली, रोट खाल्ला नाही, कुणी काही बोललं नाही. यंदा आषाढात निकाल लागला. धुळ्याच्या घरी आता तिच्या नावाची मूठ कुणी घेणार नव्हतं. मग इथं घ्यायची का?

शुक्रवारी तिनं आईला स्पष्टच सांगितलं. "माय, यंदा मला रोट नसेल तर मी पारोळ्याला खोली घेते. पाहुणी म्हणून आणखी किती दिवस राहू?"

कस्तुराबाईंनी ते आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "पाहू."

"काय पाहू? उद्या गहू मोजायचे शेतस."

"अक्काला विचारू."

अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, भिकुबाई. बोदवडला दिलेली. तिच्या सासरी कानबाई बसत नाही, म्हणून दर वर्षी ती भावाकडे येई. गाणी तिच्याइतकी कुणाला येत नसत. पण जेवायला ती वेगळी बसे, आणि रोटाचा तुकडा तिनं लग्न झाल्यापासून तोंडात घातला नव्हता. सारिका तिला फुई म्हणे. लहानपणी सारिकाला केस विंचरायला फुईच लागायची.

दिलेल्या मुलीला रोट नसतो, हे सांगायला अक्कानं विचारही केला नाही. "दिधेल आंडेरले रोट नही ऱ्हास, झुलाल. मी सोता इतकी वरसं खाल्ला का? मी काय ह्या घरची नव्हते?"

आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा, हे आबांना समजेना. अक्का 'नाही' म्हणत होती हे खरं. पण म्हणताना तिचा आवाज असा झाला होता की ती भांडते आहे की रडते आहे, ते कळेना. आबा दोन्ही गोष्टींना हो म्हणून बाहेर आले.

शनिवारी सकाळी मधल्या घरात सूप आणि टोपली घेऊन आबा बसले. समोर भिंतीला टेकून अक्का. सारिका ओट्यावर तांब्याची भांडी चिंचेनं घासत होती आणि आत बघत नव्हती, पण तिचा हातही फारसा चालत नव्हता. सुरतेहून रात्रीच्या गाडीनं आलेला मुलगा अमृत दारात उभा राहून फोनवर बोलत होता. आबांनी देवीचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. आधी धाकट्या भावाच्या घरच्यांच्या मुठी टाकून झाल्या. अमृतची मूठ टाकली, सुनेची टाकली, नातवंडांच्या टाकल्या. कस्तुराबाईंची टाकली. मग त्यांनी सुपात हात घातला, मूठ भरली, आणि थांबले.

ही मूठ सारिकाची होती. किंवा नव्हती, आणि मग ती त्यांची स्वतःची होती. हात सूप आणि टोपलीच्या मध्ये राहिला.

तेवढ्यात बाहेरून चुडामण ओरडला, "आबा! स्पीकरची वायर तुमच्या खांबाला बांधू का निंबाला?"

खांबाला बांधली तर पावसात शॉक लागेल, निंबाला बांधली तर माकडं ओढतील. आबांनी मान वळवून दोन्ही बाजू नीट सांगितल्या. चुडामण "बरं बरं" म्हणत निघून गेला. आबांनी मान परत वळवली, तर मूठ रिकामी होती.

गहू टोपलीत पडले होते की परत सुपात? टोपलीतले गहू आणि सुपातले गहू सारखेच दिसत होते. आबांनी अक्काकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, ती गाणं आठवत होती. आबांनी पुन्हा मूठ भरली आणि टोपलीत टाकली. पण ही आता कुणाची? आपली म्हणून टाकली, एवढं त्यांना वाटलं. पण त्याआधी आपली टाकून झाली होती का, तेही नक्की आठवेना. ते उठले आणि टोपली सुनेच्या हातात देऊन टाकली. जातं फिरू लागलं. पिठात कुणाला काय शोधता येणार होतं?

संध्याकाळी सारिका गोठ्याशी आली. "आबा, मनी मूठ टाकी का नही?"

"टाकी व्हई. टाकली असेल."

"व्हई म्हंजे?"

"म्हंजे हातात घेतली होती. ते मला याद शे."

"मग?"

आबांनी आपला तळहात उघडून पाहिला, जणू त्यावर काही चिकटून राहिलं असेल. सारिका हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "कोर्टात सुद्धा इतकं नाही फिरवलं मला, आबा. त्यांनी निदान नाही तर नाही म्हणून सांगितलं."

आबांना वाटलं, आत जाऊन आणखी एक मूठ टाकावी. पण पहिली पडली असेल तर ही जास्तीची होईल, म्हणजे पोरगी असून नसल्यासारखी. न टाकावी, तर पहिली सुपात गेली असेल. गाय त्यांचा खांदा चाटत होती.

रविवारी कानबाई बसली. घरभर उदबत्ती आणि गंगाफळाच्या भाजीचा वास होता. आरती झाली, ऊन अजून ओट्यावर होतं, आणि घरची पंगत बसली. सुनेनं परातीत रोट आणून ठेवले. सारिका पंगतीच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बसली नव्हती.

कस्तुराबाई म्हणाल्या, "आता सांगा. हिचं पान मांडू का?"

सगळे आबांकडे पाहू लागले. देवीसमोर खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं, आणि खरं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तेच सांगितलं. चुडामण, वायर, मूठ, सगळं.

अक्का म्हणाली, "म्हणजे टाकी नही."

"तसं नाही, अक्का. टाकली असेलही."

"मग दुसरी कोणाची टाकली?"

"माझी. पण माझी टाकली का, तेबी माले याद नही."

घरच्या मोठ्या माणसाचीच मूठ नसेल तर काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. अमृत हसत हसत म्हणाला, "आबा, मनी तरी टाकी का?"

"तुनी टाकी. तुझा फोन चालू होता तेव्हा." मग आबांचा चेहरा उतरला. "का फोन सुनेच्या वेळी चालू होता?"

"फोन तर मी सगळा वेळ लावलेला होता," अमृत म्हणाला, आणि आता त्याचं हसू गेलं. सुनेनं पुढे ओढलेलं पान हळूच मागे सरकवलं. धाकट्या भावाच्या बायकोनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, "आपलं विचारा ना."

सारिकानं तांब्या खाली ठेवला. "माझ्यामुळे कुणी उपाशी राहू नका. मी फुईबरोबर बसते. पुरणपोळी खाते." आणि ती जाऊन अक्काच्या शेजारी, वेगळ्या पानावर बसली.

तेव्हा आबा उठले. त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही की का उठले. आपली मूठ आहे की नाही हे माहीत नसलेल्या माणसानं कुठं बसावं, एवढाच विचार डोक्यात होता. त्यांनी आपलं पान उचललं आणि सारिकाच्या पलीकडे जाऊन बसले. त्यांच्यामागून अमृत उठला. सूनही उठली. बघता बघता भिंतीकडच्या पंगतीला जागा पुरेना, आणि घरच्या पंगतीत फक्त परात राहिली.

कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. "मंग ह्या बठ्ठा रोट कोन खाई? बाहेर द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. मी एकटी खाऊ? अक्का, तुम्हीच मोठ्या. सांगा काहीतरी!"

अक्काच्या एका बाजूला सारिका, पुढं सगळं घर, आणि तिच्या पानात नेहमीची पुरणपोळी. आजवर ह्या भिंतीकडे ती एकटी बसत आली होती. तिनं देवीकडे पाहिलं, मग भावाकडे. आबा खाली मान घालून अजून तळहात पाहत होते.

"बठ्ठा खा, सगळ्यांनी खा," अक्का म्हणाली. "बसा जिथं बसला असाल तिथं, आणि खा."

सारिकानं हळू विचारलं, "बठ्ठासमा मी शे का, फुई?"

"तूप कथा शे?" अक्का म्हणाली. सुनेनं तुपाचं भांडं दिलं. अक्कानं परातीतून एक रोट उचलला, स्वतःच्या हातानं मोडला, सारिकाच्या पानात ठेवला आणि त्यावर तूप सोडलं. खूप सोडलं, पानाबाहेर ओघळ गेला.

मग सगळ्यांचं जेवण सुरू झालं, आणि पंगतीत एकदम इतका गलका झाला की स्पीकर बंद पडल्याचंही कळलं नाही. आबांनी एक तुकडा उचलला आणि बहिणीच्या पानाकडे नेला. तिथं हात थांबला. तिची मूठ तर आपण कधीच घेतली नव्हती, ह्यात तरी शंका नव्हती. द्यावा का? अक्कानं त्यांचा हात बाजूला सारला. "जेव गुपचूप," म्हणाली, आणि पुरणपोळीचा घास घेतला. तिनं नको म्हटलं, की आपण विचारलंच नाही, हे आबांना पानावरून उठेपर्यंत कळलं नाही.

सारिकानं दुसरा रोट मागितला.

"घे," अक्का तोंडातला घास गिळत म्हणाली. "पन उद्या डबामा दुकानवर लई जावू नको. घरना रोट शे. आठेच, इथंच बसीसन खाय, पुनवपर्यंत."

"हो, फुई," सारिका म्हणाली.