शेजारणीची मोरवेल

आमच्या परसात मोरवेलीच्या तीन जाती आहेत, असं मी ऑफिसात सांगत असे. त्यातल्या दोन मला ओळखता येत होत्या.

(मोरवेल म्हणजे आपल्या रानातली क्लेमॅटिस. हे इंग्रजी नाव मी पाहुण्यांसमोर मुद्दाम घेतो.) गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि डिचोलीच्या आमच्या परसात माझाही कारभार जोरात होता. पेडण्याला सासुरवाडीच्या कुंपणावरून आणलेल्या दोन वेली फुलल्या आणि जात सांगून मोकळ्या झाल्या. पाळी गावच्या ओहोळाकाठून आणलेली तिसरी मात्र फुलायलाच तयार नाही! खाली नुसता दोरखंडासारखा बुंधा आणि चार पानं, तीही खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने तांबडी केलेली.

"फूल आल्याशिवाय जात कळत नाही," मी भिंग डोळ्याला लावून म्हणायचो.

"मग रोज भिंगातून बघता तरी काय?" बायको विचारायची.

आणि शेजारच्या वहिनींच्या गोठ्यावर बघावं तर पांढऱ्याशुभ्र फुलांचा ढीग! वहिनी सावंतवाडीकडच्या, नवरा ट्रकवर. मी मधल्या दगडी गडग्यावर चढून रोज ती फुलं बघायचो आणि जळायचो.

"वहिनी, ही वेल आणलीत कुठून?"

"माका खंय लावक येता, भावोजी? देवान दिल्यान."

"एक फांदी द्याल?"

"तुळशीचा लगीन होऊंदे. हेच्याच फुलांनी मांडव घालतलंय. सासू पयल्यांदाच बघूक येतली. मगे व्हयी तितकी घेवन जावा."

"पानं आपल्या तिसरीसारखीच दिसतात हो," बायको म्हणाली.

"पानांवरून ओळखणं हे अडाण्यांचं काम," मी म्हणालो, आणि येणाऱ्या फांदीला जागा हवी म्हणून त्याच संध्याकाळी कोयता घेऊन आमची वांझोटी तिसरी बुंध्यापासून छाटून टाकली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी, ऐन तुळशीच्या लग्नाच्या दुपारी, वहिनी डोळ्यांत पाणी घेऊन दारात.

"भावोजी, वेल मान टाकून बसली. काल सांजेक बरी होती. सासू आता येतली. माका वाटता, दिष्ट लागली."

"ह्यांचीच," बायको लगेच म्हणाली. "रोज गडग्यावर चढून बघतात."

असल्या अंधश्रद्धेचा बीमोड करायला मी शिडी लावून गोठ्यावर चढलो. रोग शोधत वेल धरून निघालो. वेल कौलांवरून फणसावर गेली, फणसावरून गडग्यावर आली, गडगा उतरून आमच्या परसात शिरली आणि मी काल छाटलेल्या टोकाशी येऊन संपली.

आम्ही तिघं त्या बुंध्याकडे बघत उभे राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दुसरं काय करणार? माझ्या ओळखीच्या दोन्ही वेली ओरबाडून तुळशीचा मांडव सजवला. सासूबाई खूश, वहिनी हसल्या, आणि मलाही मनापासून आनंद झाला.

लग्न लागल्यावर बायको मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला आली आणि मध्येच थबकली.

"लागली ह्यांची, आणि लागली ह्यांच्याच वेलीला. आता बसवू कोणाला?"

मी गुपचूप जाऊन पाटावर बसलो.